दोन बोटांचे ठसे

चुडावा, १९ जानेवारी

साक्षी,

जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस. कालपासून तर तो लागतही नाही. तुझ्या पप्पांनी बघून सांगितलं की मला तू ब्लॉक केलं आहेस. त्यांच्याशी मात्र रोज संध्याकाळी बोलतेस. ते ओट्यावर बसून बोलतात आणि मी आत, भांड्याला भांडं लागू न देता, उभी असते. म्हणून हे पत्र. कागदाला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

आडून बोलायची मला सवय नाही. तू नाकाची शस्त्रक्रिया करून घेणार आहेस, तिथं पुण्यातच, पाच मार्चला, हे मला पप्पांकडून कळलं. मी विरोधात आहे. का, ते ऐक.

बाईच्या अंगाचा एकेक तुकडा आपल्या डोळ्यांदेखत बाजारात मांडला गेला. आधी रंग गेला. ज्या कातडीनं आपल्या आज्या-पणज्यांनी ऊन झेललं, ती कातडी म्हणजे आजार आहे असं सांगून मलमं विकली. मग केस, मग दात, मग कंबर. आता नाकावर आले. उद्या म्हणतील, बाई, तुमची सावली जाड पडते, ती बारीक करून देतो. आणि आपल्या शिकल्यासवरल्या मुली स्वतःची सावली हातावर घडी घालून रांगेत उभ्या राहतील.

आणि तुझं नाक म्हणजे काय ते तरी तुला माहीत आहे का? ते तुझ्या आज्जीचं, सरजाबाईचं नाक आहे. हेच बसकं नाक घेऊन त्या बाईनं गावच्या विहिरीत आपल्या लोकांतला पहिला पोहरा सोडला. वर काठावर माणसं काठ्या घेऊन उभी होती आणि ही खाली पाण्यात बघत होती. पाण्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, एवढंच तिनं मला सांगितलं होतं. तो चेहरा तुला नको झाला?

तीन जानेवारीच्या मेळाव्याचा राग तू धरून बसली आहेस, हेही कळलं. ताडकळसच्या मैदानात मी तुला बायकांमधून उभं केलं आणि माइकवर म्हणाले, ही माझी लेक, नकटी आहे, आणि मला तिच्या नाकाचा अभिमान आहे. सातशे बायकांनी टाळ्या वाजवल्या. यात अपमान कुठं आला? घरात लाडानं म्हणतो तेच मी चारचौघांत म्हटलं. लाजायचं असेल तर लाजवणाऱ्यांनी लाजावं, ही माझी तीस वर्षांची शिकवण आहे, आणि ती मी वर्गातल्या मुलींना एक आणि घरातल्या मुलीला दुसरी अशी कधी दिली नाही.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीशी बसलीस. चष्मा घसरला की मनगटाच्या मागच्या बाजूनं वर सारायचीस, तेवढंच. चौथीपासून तू तो असाच सारतेस.

शस्त्रक्रिया रद्द कर. निदान मला उलटून काहीतरी लिही.

आई


चुडावा, २ फेब्रुवारी

साक्षी,

उत्तर आलं नाही. पण पत्र पोचलं हे कळलं. पप्पा म्हणाले, “मिळालं म्हणाली. अर्धं वाचलं म्हणाली.” कुठल्या अर्ध्यापर्यंत ते त्यांनी विचारलं नाही. मी असते तर विचारलं असतं.

इकडं हळद शिजायला लागली आहे. स्टेशनच्या पलीकडच्या शेतात कढया लागल्यात, आणि दिवसभर पिवळसर वाफ रुळांवरून अशी सावकाश जाते की येणारी गाडी आधी दिसतच नाही, नुसती जमीन थरथरते. पप्पा फलाटावर हिरवा झेंडा घेऊन उभे राहतात तर कमरेपासून वर दिसतात, खाली वाफ. न थांबणारी एखादी गाडी निघून जाते, आणि खिडक्यांतले चेहरे असे लांबट होऊन पुसले जातात की वाटतं, या लोकांना नाक-डोळे कुठल्यातरी पुढच्या स्टेशनावर मिळणार असतील.

मी हे का लिहिते आहे? मला सभेत कधी मुद्दा सोडून बोलता आलं नाही. पत्रात येतंय.

मागच्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. ती तुला माहीत आहे, म्हणून गाळली असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नाही.

सोनपेठच्या पाहुण्यांची गोष्ट. डिसेंबरात ते आले, जेवले, मुलानं, धम्मानंदनं, तुझ्याशी पुस्तकांवर बोलूनही घेतलं. चार दिवसांनी त्याच्या आईनं आम्हाला न कळवता तुलाच फोन केला. “पोरगी गुणाची हाय तू,” म्हणाली, “निस्तं नाकाचं तेवढं. फोटूत लय बसकं यायलंय.” तू हे मला स्वयंपाकघरात सांगितलंस, शेंगा सोलता सोलता. रडली नाहीस. दाणे मात्र टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडत होती. आणि म्हणालीस, “आई, हे कुणाला सांगू नको.”

मी ते सातशे बायकांना सांगितलं.

तुला उभं केल्यावर पहिल्या टाळ्या झाल्या, आणि टाळ्यांनंतर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तोंड पुढं जातं आणि मी मागून चालत राहते. मी म्हणाले, सोनपेठच्या पाहुण्यांनी या मुलीला नाकापायी नाकारलं, सांगा, हरलं कोण? त्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. कुणीतरी तेवढाच तुकडा फोनवर घेतला. बेचाळीस सेकंदांचा. हसरे चेहरे लावून तो पुढं गेला आणि तुझ्या पुण्याच्या ऑफिसात पोचला, हे पप्पांनी मला काल सांगितलं. महिनाभर त्यांना ठाऊक होतं.

मी त्यांच्यावर ओरडले, मला आधी का नाही सांगितलं म्हणून. ते झेंड्यांना घडी घालत होते. म्हणाले, “मॅडम, तुमची सभा संपून महिना झाला. पोरगी अजून उभीच हाय तिथं.”

ते मला मॅडम चेष्टेनं म्हणतात. काल चेष्टा नव्हती.

माझं मत बदललेलं नाही. नाक कापून घेऊ नये, हेच मत आहे. पण ते वाक्य बोलायचा हक्क माझा नव्हता, हे आता लिहून देते.

आई


चुडावा, ९ फेब्रुवारी

साक्षी,

आज मतं नाहीत. एक स्वप्न सांगते.

दुपारी जेवून पडले होते. खिडकीतून हळदीचा वास येत होता. कधी डोळा लागला कळलं नाही, आणि मी ताडकळसच्या बाजारात होते. तोच बाजार, पण आवाज नाही. माणसं बोलत होती, भाव करत होती, आणि कानाला काही नाही, जसं पाण्याखालून बघावं. मिरचीवाल्याच्या जागी एक बाई पांढरं कापड अंथरून बसली होती. तोंडावर पदर. कापडावर हळकुंडं ओळीनं मांडली होती. जवळ गेले तर ती नाकं होती.

भीती वाटली नाही. नाकंच तर आहेत, असं वाटलं. मागं हळदीला पॉलिश करायचं मोठं पिंप फिरत होतं, बिनआवाज, आणि ती बाई एकेक नाक त्यात टाकून घासून, चकचकीत करून परत मांडत होती. सगळी सरळ, सगळी सारखी, सगळी पिवळी. बायका येऊन, लावून बघून, घेऊन जात होत्या. आरसा नव्हता. एकमेकींना विचारत होत्या, मी दिसते का? आणि समोरची मान हलवायची, पण हो की नाही ते कळायचं नाही.

मी विचारलं, साक्षीचं आहे का? तेवढाच माझा आवाज त्या सगळ्या बाजारात आला, आणि सगळ्यांनी वळून बघितलं. ती बाई म्हणाली, “हाय की. पर ते इकायला बसत न्हाई. कितीबी घासलं तरी त्याच्यावरचे ठसे जाइनात.”

तिनं कमरेच्या पिशवीतून काढून माझ्या तळहातावर ठेवलं. तुझंच. छोटं, बसकं, कोमट. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन ठसे होते, एक अंगठ्याचा, एक बोटाचा, जसे ओल्या मातीवर राहतात तसे.

मग मालगाडी गेली आणि मी जागी झाले.

कुणाचे ठसे होते ते कळलं नाही. बहुतेक चांगुणाबाईचे असणार. तुला न्हाऊ घालायला तीच यायची ना. लहानपणी तू विचारायचीस, माझं नाक असं का, तर मी सांगायचे, ताडकळसच्या चांगुणाबाईनं तुला पायावर घेऊन, तेल लावून, ओढ ओढ ओढलं, तरी ते वर आलं नाही, उलट बसलं. तू हसायचीस. मेळाव्यातही मी तिचं नाव घेतलं. म्हटलं, अडाणी हात बाळाच्या चेहऱ्यावरच अन्याय सुरू करतात. ती समोर बसली होती की नाही, मला आठवत नाही.

गुरुवारी ताडकळसला जाणार आहे. तिला भेटून येते.

आई


चुडावा, १३ फेब्रुवारी

साक्षी,

हे पत्र पूर्ण वाच. अर्धं वाचून ठेवू नकोस. एवढी एकच विनंती.

चांगुणाबाई मेळाव्याला होती. दुसऱ्या रांगेत. आता डोळ्यांनी कमी दिसतं तिला, पण मी दारात उभी राहिल्याबरोबर तिनं ओळखलं. “या मास्तरीणबाई,” म्हणाली, “आज माइक न्हाई आणला?”

तिच्या सुनेनं चहा ठेवला. ओट्यावर ऊन होतं, आणि म्हातारी कुणाच्या तरी नातवाला पायावर घेऊन तेल चोळत होती. लांब केलेल्या पायांच्या खोबणीत ते पोर असं पडलं होतं की जणू पाण्यावर तरंगतंय. मी बघत बसले. तिचा हात छातीवरून पोटाकडं, पोटावरून मांड्यांकडं. टाळूवर तेलाचा थेंब. डोकं दोन्ही तळव्यांत धरून गोल गोल. कपाळ, भुवया, गाल. आणि नाकाजवळ आला की हात उचलून पलीकडं.

मी विचारलं, नाक नाही ओढत आता?

“आता म्हंजे?” ती म्हणाली. “म्या कवाच न्हाई ओढलं. माझ्या आईनं सांगितलेलं, डोस्कं गोल कर, नाकाला हात लावू नको, त्याचं त्याला येऊ दे. तुमच्या साक्षीच्याबी नाकाला म्या बोट लावलं न्हाई.”

मी कप खाली ठेवला. ती बोलतच राहिली.

“तुमीच ओढायच्या की, बाई. मी हात धुवायला उठले की तुमी सुरू. दोन बोटांत धरून, आसं वर वर. पोरगी लालभडक व्हायची रडून. तुमच्या सासूनं सांगितलं, सरजाबाईनं, राहू दे गं, माझंच नाक हाय ते. मीबी म्हणले, नाक काय कणकीचा गोळा हाय का. तर तुमी काय म्हणला, हाय ध्यानात?”

ध्यानात होतं, साक्षी. सगळं ध्यानात होतं. मी म्हणाले होते, “हिला माझ्यासारखं नाक झालं पाहिजे.”

स्वप्नातले ठसे मी ओळखले होते. तुला लिहिताना खोटं लिहिलं. माझ्या अंगठ्यावर विळीची जुनी आडवी खूण आहे, तीही त्या ठशात होती.

माझं नाक तरतरीत आहे हे तू ऐकतच मोठी झालीस. मी शाळेत असताना मुली म्हणायच्या. मला बघायला आले तेव्हा तुझ्या पप्पांच्या मामानं म्हटलं, रंगानं सावळी हाय पण नाक बघा. मी मान खाली घालून बसले होते आणि मला बरं वाटलं होतं. मला अजून बरं वाटतं. भाषणाला उभी राहते तेव्हा मी चेहरा किंचित बाजूला वळवते, हे तू एकदा नववीत असताना पकडलंस. “तुला काय जातंय बोलायला,” म्हणाली होतीस, “तुझं नाक सरळ आहे.” मी तुला उलट उत्तर दिलं, दोन पुस्तकांतले उतारे सांगितले, आणि जिंकले.

सासूचं नाक पोटच्या पोरीच्या तोंडावर बघून मला चार महिने झोप गोड लागली नाही. आणि त्याच नाकाची विहिरीची गोष्ट सांगून मी चाळीस सभा गाजवल्या. ज्या पोहऱ्याचा मी गौरव केला त्याच्या दोराला मी घरात हात लावू दिला नाही. दोष मात्र एका मजूर बाईवर टाकला, तोही तिच्या तोंडावर, माइकवरून. मी माफी मागितली. ती म्हणाली, “मला काय मागता. माझं नाक ठीक हाय.” आणि पोराला उचलून सुनेकडं दिलं.

सोनपेठच्या बाईनं तुला जे फोनवर सांगितलं, ते मी तुला तुझ्या जन्माच्या नवव्या दिवसापासून सांगत होते. बोटांनी.

शस्त्रक्रिया कर किंवा करू नकोस. मी काही म्हणणार नाही.

आई


चुडावा, २० फेब्रुवारी

साक्षी,

तीन दिवसांपूर्वी संध्याकाळी पप्पा तुझ्याशी बोलून आत आले. मी भाकरी थापत होते. ते चुलीपाशी बसले आणि म्हणाले, “दवाखान्यात सहीला घरचं माणूस लागतंय. माझं नाव दिलं होतं तिनं. आता म्हणती, आईला यायचं आसंल तर येऊ दे.”

माझ्या हातातली भाकरी फाटली.

“पर एक हाय,” ते म्हणाले. “बोलायचं न्हाई म्हणाली. दवाखान्यात एक शब्द न्हाई. ना चांगलं ना वाईट. जमंल का?”

जमेल. लिहू नकोस असं तू म्हणालेली नाहीस, म्हणून हे लिहिते.

आठ मार्चच्या कार्यक्रमाला मी येत नाही असं कळवलं. आयोजक मुलगी, निकिता, घाबरून घरी आली, तब्येत बरी आहे ना म्हणून. तिला पाणी दिलं आणि मान हलवली. सध्या सराव करते आहे. काल दुपारपर्यंत मी कुणाशीच बोलले नाही. फार विचित्र वाटतं. आधी छातीत वाक्यं साचतात, एकावर एक, मालगाडीच्या डब्यांसारखी, आणि धक्के देतात. मग केव्हातरी ती आपोआप सुटी होतात आणि रुळावर उभी राहतात. मग इतर आवाज यायला लागतात. पिंपात हळकुंडं घासल्याचा, हा लांबून नदीला पूर आल्यासारखा येतो. कबुतरं स्टेशनच्या पत्र्यावर चालतात, त्यांच्या नखांचा. पप्पा झोपेत श्वास सोडताना ‘हं’ म्हणतात, जणू कुणाचं तरी ऐकून घेतायत. बत्तीस वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं. मला वाटायचं घरात शांतता आहे.

त्या शांततेत एक आठवलं. चौथीत तुला चष्मा लागला तेव्हा तो नाकावर थांबेना. मी दुकानदाराशी भांडले, की चेहऱ्यांची मापं कोण ठरवतं, आमच्या मुलींची नाकं तुमच्या कारखान्याला दिसत नाहीत का. भांडण चांगलं झालं. पप्पांनी घरी आल्यावर दांड्यांना काळा दोरा बांधून दिला. तू तो दोरा दहावीपर्यंत वापरलास. माझ्या भांडणानं चष्मा एक तसूभरही वर राहिला नव्हता.

पप्पांनी तो दोरा काढून दिला आहे, येताना सोबत आणते. ते म्हणाले, ऑपरेशन झाल्यावर लागणार नाही, पण असू दे.

चार तारखेला पूर्णेहून गाडीत बसते.

आई


पुणे, ५ मार्च, दुपार

साक्षी,

तू झोपली आहेस. तुझी मैत्रीण नीलम कामावर गेली. मी खिडकीशी बसून हे लिहिते आहे. आज जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी लिहिते. कारण हे मी कुठल्याही सभेत सांगणार नाही, आणि कुठंतरी एकदा ते पूर्ण असावं असं वाटतं.

सकाळी तू दवाखान्याच्या दारात उभी होतीस. मी जय भीम म्हणणार होते, मग आठवलं, आणि नुसते हात जोडले. तू हसू दाबलंस. आत सगळं पांढरं आणि थंड होतं, भिंतीवर बायकांचे फोटो, आधीचे आणि नंतरचे. नंतरच्या सगळ्या बहिणी वाटत होत्या. मला स्वप्नातलं ते पांढरं कापड आठवलं. मी मान खाली घातली.

फॉर्म आला. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘आई’ लिहिलं. तीस वर्षं हजारो प्रगतिपुस्तकांवर केली तीच सही केली, पण या वेळी ‘आई’ हा शब्द लिहायलाच मला फार वेळ लागला. शेजारच्या बाईनं मला विचारलं, मुलीचं लग्न ठरलंय का? छातीत सगळे डबे एकदम आपटले. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.

तू आत गेलीस. भिंतीवरच्या घड्याळाला सेकंदाचा काटा नव्हता, त्यामुळं वेळ जातोय की नाही ते कळत नव्हतं. मी डोळे मिटले तर आपल्या फलाटावरची वाफ दिसली, आणि त्यातून कुणीतरी चालत येत होतं, चेहरा अजून न दिसणारं. मला वाटलं, येऊ दे. जो चेहरा असेल तो. ओळखायचं काम माझं आहे.

तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या नाकावर जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. मध्यावर एक उभी, दोन्ही बाजूंना तिरक्या, शेंड्यावर एक ठिपका. चष्मा हातात. तू माझ्या शेजारी बसलीस. मग म्हणालीस, “आई, बोल काहीतरी.”

साक्षी, मला किती वाक्यं येतात हे तुला माहीत आहे. त्या क्षणी एकही आलं नाही. मी म्हणाले, “चष्मा दे. काचा पुसून देते.”

तू दिलास. मी पदरानं पुसत होते आणि तू बोलत होतीस, हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, कसं पाहिजे, मनात काही आहे का, कुणासारखं? त्यांनी पडद्यावर दहा नाकं दाखवली. तू डोळे मिटून आठवायला लागलीस, तर तुला दुसरं कुणाचं नाक आठवेचना. “तुझंच यायला लागलं,” म्हणालीस. “दर वेळी तुझंच. मग मी म्हणले, आज नको.”

आणि मग माझ्याकडं वळून, सरळ बघत, तू म्हणालीस, “तुझं नाक घेऊन मला फिरायचं न्हाई, आई. आज नको म्हणले. कधीच नको, आसं न्हाई. मला काय पायजे ते मला कळू दे.”

मी मान हलवली. यात जिंकण्यासारखं काही नव्हतं आणि मला जिंकावंसंही वाटलं नाही. उद्या तू परत त्या दारात उभी राहिलीस तर मी परत सही करायला येईन, आणि परत गप्प बसेन, हे या कागदावर लिहून ठेवते.

तू चष्मा घातलास. तो घसरला. तू मनगटाच्या मागच्या बाजूनं वर सारलास, आणि आपण रिक्षाला हात केला.

संध्याकाळच्या गाडीनं निघते. तुला उठवत नाही. पप्पांचा दोरा उशाशी ठेवला आहे, बांधायचा की नाही ते तू बघ. हे पत्र त्याच्याखाली.

एवढं एकच राहिलं. दवाखान्यात दिलेल्या स्पिरिटच्या बोळ्यानं तुझ्या नाकाला झोंबलं, पण रेघा निघाल्या नाहीत. खोलीवर आल्यावर नीलमनं खोबरेलाची बाटली पुढं केली, तेलानं जाईल म्हणाली. तू खाटेवर बसलीस, चष्मा काढलास, चेहरा वर केलास आणि डोळे मिटलेस. मी वाटीत तेल घेतलं. माझी दोन बोटं त्यात बुडाली आणि तिथंच थांबली. सत्तावीस वर्षांनी तीच बोटं, तेच तेल, तेच नाक. नीलम आमच्याकडं बघत होती, तिला काय माहीत. मला वाटलं, आता तू मागं सरशील.

तू सरली नाहीस. डोळे न उघडता एवढंच म्हणालीस, “हळू.”

मी हळू पुसलं.

आई